सोळा ट्रे

“यातल्या रूपाली कोण?” वकीलबाईंनी पावती खिडकीच्या उजेडात धरून विचारलं, आणि इतका वेळ तावातावानं बोलणाऱ्या योगराजनं बहिणीकडे पाहिलं.

रूपाली कूलरशेजारच्या खुर्चीत बसली होती. उद्या आखाजी, खानदेशातली अक्षय्य तृतीया, त्यासाठी ती माहेरी आली होती. सकाळी कामिनीवहिनी म्हणाली, “ताई, चला जळगावला, सणाच्या बांगड्या भरून येऊ,” तेव्हा तिला बरंच वाटलं होतं. लग्नाला तीन वर्षं झाली तरी माहेरच्या बांगड्यांचं अप्रूप काही कमी होत नाही. पण गाडी बांगड्यांच्या गल्लीकडे न वळता कोर्टाच्या रस्त्याला लागली. जिन्याखाली ‘ॲड. रत्ना’ अशी पाटी दिसली तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की आपल्याला इथं आणण्यासाठीच बांगड्यांचं निमित्त केलं होतं.

“मी,” ती म्हणाली.

“आणि ही नर्सरी कुणाची? झुलाल नाना, धुळे?”

“माझे सासरे.”

रत्नाताईंनी चष्मा काढला. पन्नाशीच्या, सुती साडीतल्या, मोजकं बोलणाऱ्या बाई. त्यांनी आधी योगराजकडे पाहिलं, मग कामिनीकडे. “हे तुम्ही अर्ध्या तासात एकदाही सांगितलं नाहीत.”

“त्याचा काय संबंध?” योगराज म्हणाला. “रोपं खराब दिली. व्याही असो नाहीतर परका.”

संबंध होता, आणि तो त्या पावतीतच होता. गेल्या जूनमध्ये तिचे वडील पितांबर आबा केळीची चार हजार रोपं घ्यायला धुळ्याला व्याह्यांच्या नर्सरीत गेले, तो दिवस रूपालीला लख्ख आठवत होता. झुलाल नाना पैसे घेईनात. आबा फुकट घेईनात. आबा जुन्या वळणाचे, लेकीच्या घरी पाण्याचा घोट घेताना दहा वेळा विचार करणारे. लेकीच्या सासरची रोपं फुकट नेऊन आपल्या शेतात लावली तर आयुष्यभर मिंधं राहावं लागेल, असं त्यांचं म्हणणं. बरं, शेवटी नाना पैसे घ्यायला कसेबसे तयार झाले तर पावतीवर गाडी अडली. “याहीना नाववर पावती फाडू? लोके माले काय म्हनतीन?” दोघंही हट्टाला पेटलेले. तासभर शेडमध्ये हा तमाशा चालला. अखेर नानांनी पावतीपुस्तक सुनेपुढे सरकवलं. “फाडी टाक वं तुन्हाच नाववर.” आबांनी नोटा लेकीच्या हातात दिल्या, लेकीनं त्या सासऱ्यांच्या हातात दिल्या, आणि दोन्ही म्हाताऱ्यांना वाटलं की आपली अब्रू राहिली. सगळे हसले, चहा झाला. आबांनी तो घेतला नाही, हा भाग वेगळा.

आता त्याच पावतीचा कागद रत्नाताईंच्या टेबलावर पडला होता आणि कुणालाच हसू येत नव्हतं.

“ऐका,” रत्नाताई म्हणाल्या. “तुमचं काम दिवाणी कोर्टाचं नाही, ग्राहक आयोगाचं. तिथं वकील लागतोच असं नाही, तक्रारदार स्वतः उभा राहून बोलू शकतो. पण कागद नीट नसले तर कितीही बोला, उपयोग नाही. म्हणून जायच्या आधी विचारायला आलात ते बरं केलंत. पहिला प्रश्न. बाग उभी आहे का?”

“आहे. आखाजी झाली की रोटाव्हेटर घालून मोकळी करतो. कोण बघणार ती रोज?”

“हात लावू नका! तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे अर्ज द्या. त्यांची समिती येईल, पंचनामा करेल. बाग गेली की पुरावा गेला. किती झाडं वेगळी निघाली?”

योगराज या प्रश्नाची वाटच बघत होता. “एक हजार सेहेचाळीस. दोनदा मोजली. दुसऱ्याच जातीची, उंच वाढलेली, घड बारीक. एकेका झाडाला चिंधी बांधलीय, आईच्या जुन्या लुगड्याची. व्यापारी बांधावर येतो, चिंध्या बघतो अन् माघारी जातो. सारखा माल नाही म्हणून चांगली बागसुद्धा कापेना.”

एक हजार सेहेचाळीस. रूपालीनं चमकून भावाकडे पाहिलं. आकडा तिच्या हिशेबात बसत नव्हता.

“आता दुसरी गोष्ट,” रत्नाताई म्हणाल्या. “पावती रूपालीताईंच्या नावावर आहे. म्हणजे ग्राहक त्या. त्यांच्या संमतीनं रोपं वापरणाऱ्या तुमच्या वडिलांनाही तक्रार करता येईल, पण ती संमती यांनी प्रतिज्ञापत्रावर द्यायला हवी. कुठूनही गेलात तरी सही यांचीच लागणार.”

“देईल ना ती,” योगराज म्हणाला. “का नाही देणार?”

“मी त्यांना विचारते. तुम्ही दोघं जरा बाहेर बसा.”

कामिनी लगेच उठली. योगराज उठेना. रत्नाताईंनी पेनाचं टोपण लावलं आणि त्याच्याकडे नुसतं बघत राहिल्या. तो उठला.

दार लागलं. रत्नाताईंनी पाण्याचा पेला पुढे केला. “तुम्ही इथं जे सांगाल ते माझ्याकडून बाहेर जाणार नाही. तुम्हाला या रोपांबद्दल काही माहीत आहे. मघाशी भावानं आकडा सांगितला तेव्हा तुमचा चेहरा पाहिला मी.”

रूपालीनं पेला दोन्ही हातांत धरला. मग तिनं सांगितलं. जूनमध्ये गुजरातेतून रोपांचा टेम्पो आला तो कमी भरून आला. सोळा ट्रे कमी. एका ट्रेत पन्नास रोपं. नाना कपाळाला हात लावून बसले. दुसऱ्या कुणाची ऑर्डर असती तर त्यांनी सरळ फोन करून सांगितलं असतं, की बाबा आठ दिवस थांब. पण ही व्याह्यांची होती. “याहीनी ऑर्डर शे, एक रोप कमी जावाले नको,” म्हणाले, आणि शेडनेटमध्ये मागच्या गिऱ्हाइकाचे उरलेले ट्रे पडले होते ते त्यात घालायला सांगितले. रूपाली ट्रे उचलायला लागली तेव्हा त्या रोपांचा देठ तिला वेगळा वाटला. तिनं एकदा विचारलं. नाना म्हणाले, एकच जात शे. ती पुन्हा बोलली नाही.

“मीच भरले,” ती म्हणाली. “या हातांनी. माझ्या बापाच्या शेतात काय चाललंय ते मला माहीत होतं, आणि मी वर्षभर गप्प बसले. दर फोनला दादा सांगायचा, बाग कशी मस्त चाललीय. मी म्हणायची, वा.” आणि तिला रडू आलं, ओठ दाबूनही आवरेना.

रत्नाताईंनी तिला रडू दिलं. मग म्हणाल्या, “सोळा ट्रे म्हणजे आठशे. भाऊ सांगतात एक हजार सेहेचाळीस.”

“तेच मला कळत नाही. मी सोळाच भरले. देवाशपथ सोळाच.”

“ठीक. आता माझं ऐका. प्रतिज्ञापत्रात खोटं लिहिता येत नाही आणि माहीत असलेलं लपवताही येत नाही. समोरच्या वकिलानं एक प्रश्न विचारला तरी तुम्ही उघड्या पडाल. खरं लिहिलंत तर तक्रार भक्कम आहे. जबाबदारी मालकाची, सून म्हणून तुम्ही हात लावलात त्याची नाही. पण खरं लिहिल्यावर धुळ्याच्या त्या घरात तुम्हाला राहायचंय, मला नाही. म्हणून मी तुम्हाला सही कर असंही सांगणार नाही आणि करू नको असंही नाही.”

“मधला काही रस्ता?”

“नोटीस. आयोगात जायच्या आधी एक नोटीस पाठवू, पंधरा दिवसांची मुदत देऊन. निम्मी भांडणं तिथंच मिटतात. नोटीस म्हणजे भांडण नव्हे, समोरच्याला दिलेली संधी.” त्यांनी कोरा कागद ओढला आणि लिहायला घेतलं. “पाठवणाऱ्याचा पत्ता सांगा.”

रूपालीनं सांगितला. नर्सरी, साक्री रोड, धुळे.

“घेणाऱ्याचा?”

“तोच.”

रत्नाताईंचं पेन थांबलं. इतकी वर्षं वकिली करून त्यांनी अशी नोटीस लिहिली नव्हती. “पोस्टमन आला की तुमच्याकडे सही कोण करतं?”

“मीच,” रूपाली म्हणाली. “नाना रोपांत असतात. त्यांचं सगळं टपाल मीच घेते.”

निघताना रत्नाताईंनी नोटीस आणि वकीलपत्र एका लिफाफ्यात घालून तिच्या हातात दिलं. “आधी तुम्ही वाचा. पटलं तर सही करून पाठवा. दुसऱ्या कुणी मागितलं तरी आधी तुम्ही.”

बांगड्या त्या दिवशी भरल्या गेल्याच नाहीत. परतीच्या वाटेवर भुसावळ मागे पडलं. मग कामिनी हळूच म्हणाली, “ताई, मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर तुम्ही आल्या नसत्या.” रूपालीनं मान हलवली. वहिनीचं खरं होतं, म्हणून तर राग जास्त येत होता.

*

आखाजीला घरात पाय ठेवायला दर वर्षी जागा नसायची, यंदा मात्र मुद्दाम कुणाला बोलावलं नव्हतं. दारच्या कडुनिंबाला झोका बांधलेला होता आणि त्यावर शेजारच्या पोरी येऊन बसत होत्या. पितरांची घागर भरली, विस्तवावर नैवेद्याची आगारी टाकून झाली, खापरावरच्या पुरणपोळ्या निघाल्या, आमरसाचं पातेलं ओसरीवर आलं. सगळं रीतसर होतं. फक्त जेवताना कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

लिफाफा रूपालीनं माडीवर आपल्या बॅगेत ठेवला होता. रात्री तीनदा वाचला होता. चौथ्या परिच्छेदात सगळं लिहिलेलं होतं, साध्या, कोरड्या शब्दांत. वाचताना तिला वाटत राहिलं, की हे दुसऱ्याच कुणा बाईबद्दल आहे.

आबांच्या वाटीत रस वाढताना रूपालीची आई इंदिराबाई म्हणाल्या, “सन हाये आज. आज तरी तो विषय नको.”

“विषय कोन काढला?” आबा म्हणाले. “म्या तर पहिल्या दिवसापासून सांगतो, व्याह्यावर केस करनं आपल्याले शोभत नाही. मिंधं राह्यचं नव्हतं म्हनून पैसे देल्ले. आता त्याच पैशासाठी कोर्टात जायाचं का?”

“आबा, पैसे तुम्ही देल्ले, पानी म्या भरलं,” योगराज म्हणाला. “महिना झाला, नाना माहा फोन उचलत नाही. नुसतं एवढं म्हनले असते ना, की योगराज, चुकलं, तरी म्या गप्प बसलो असतो.” त्यानं ताट बाजूला सारलं. “रूपा, सही केली का?”

“नाही अजून.”

“कुठी हाये कागद?”

ती उत्तर देईपर्यंत योगराज माडीच्या पायऱ्या चढून गेलाही होता. रूपाली उठली, पण कामिनीनं तिचा हात धरला. का धरला ते कामिनीलाही सांगता आलं नसतं. योगराज लिफाफ्यातून कागद काढतच खाली आला, उभ्या उभ्या वाचायला लागला, आणि चौथ्या परिच्छेदाशी त्याचा आवाज आपोआप चढला.

“‘सदर रोपे कमी पडल्याने सामनेवाले यांच्या सांगण्यावरून माझ्या अशील सौ. रूपाली यांनी स्वतःच्या हाताने उरलेल्या रोपांचे सोळा ट्रे...’” तो थांबला. पुन्हा वाचलं, मनातल्या मनात. झोक्यावरच्या पोरींचं हसणं ओसरीपर्यंत येत होतं.

“तुले माहीत व्हतं?” तो म्हणाला.

“हो.”

“लावनीच्या आधीपासून?”

“दादा, मला वाटलं एकच जात असंल. नाना म्हणाले तसं. शंका आली होती, पण...”

“शंका आलती!” योगराज ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. “म्या घड बांधले, खांब लावले, उन्हाळाभर रात्रीची लाइट धरून पानी देल्लं. तू फोनवर वा म्हनायची. माह्या बहिणीनं रोपं निवडून देल्ली म्हनून सांगायचो म्या गावात.”

इंदिराबाईंचा हात पुरणपोळीवर तसाच राहिला होता. रूपालीनं आईकडे पाहिलं. आई तरी काही बोलेल. इंदिराबाई बोलल्या, पण भलतंच. “पोरी, सोळाच भरले का? त्याच्या चिंध्या तर हजाराच्या वर हायेत. आता सांगतीच तर बठ्ठं सांग.”

“सोळाच, आई.”

“मग बाकीची अडीचशे झाडं जादूनं आली का?” योगराज म्हणाला. “अर्धं सांगती अन् अर्धं सासऱ्यासाठी राखून ठेवती.”

रूपालीनं कामिनीकडे पाहिलं, मग आबांकडे. कामिनी ताटं उचलायला लागली होती. आबा रसाच्या वाटीत बघत होते. या घरात ती वाढली, इथं तिनं कधी दोन रुपयांचं खोटं सांगितलं नव्हतं, आणि आज सोळाचा आकडा खरा मानायला एक माणूस तयार नव्हता. सही केली तर धुळ्यात कुणी तिच्याशी बोलणार नाही आणि इथं सही केली तरी कुणी खरं मानणार नाही. आपलं घर नेमकं कुठलं, हा प्रश्न तिला त्या क्षणी पहिल्यांदा पडला.

मग आबा बोलले. वाटीकडे बघतच. “चूक झुलाल नानाची नाही, माही हाये. त्या मानसाले वाटलं, व्याह्याच्या मालात एक रोप कमी गेलं तर अब्रू जाईल. म्याच त्याले तसं वागाले लावलं. म्या पैशासाठी इतका नडलो नसतो तर तोही रोपासाठी नडला नसता. फाडून टाक तो कागद, योगराज.”

“नाही,” रूपाली म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

“फाडू नका. माझ्या नावावर पावती फाडली तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही दोघांनी तुमची अब्रू माझ्या नावावर टाकली आणि मोकळे झालात. ट्रे भरायला सांगितले तेव्हाही मला विचारलं नाही. काल बांगड्या सांगून वकिलाकडे नेलं तेव्हाही नाही. आता फाडायचं ते तरी मी ठरवते.” तिनं योगराजच्या हातातून कागद घेतले. कामिनीनं पेन आणून दिलं, न सांगता. हाताला आमरसाचा वास येत होता. रूपालीनं वकीलपत्रावर सही केली, नोटिशीच्या प्रतीवर केली, आणि पेन परत दिलं. “दादा, हे उद्या रत्नाताईंना पोहोचव. पोस्टानं जाऊ दे, रीतसर. पण त्याच्या आधी मी जाते.”

“आज?” इंदिराबाई उठल्याच. “आखाजीच्या दिवशी लेक माहेरातून निघते का? लोकं काय म्हनतीन? अन् ते तुले घरात तरी घेतीन का?”

“माहीत नाही,” रूपाली म्हणाली. “पण पोस्टमनच्या हातून कळायला नको त्यांना. माझ्याकडून कळावं.”

जळगावहून धुळ्याची गाडी मिळाली तेव्हा चार वाजले होते. गाडीत तिनं नवऱ्याला, प्रेमराजला, फोन लावला. तो रोपं घेऊन चाळीसगावकडे गेला होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “नाना आणि तुझ्यामध्ये मी पडत नाही. तुझं तू बघ.” तीन वर्षांत नवऱ्यानं इतकं स्पष्ट पहिल्यांदाच सांगितलं होतं, आणि तेही हे.

*

“आखाजीना सन सोडीसन लेक माघारी येस का कधी? काय झायं?” सासूबाई सुंदरबाईंनी दारातच विचारलं. रूपालीनं बॅग ओट्यावर ठेवली आणि सरळ शेडकडे गेली.

नाना रोपांवर पाणी मारत होते. तिनं सगळं सांगितलं, उभ्यानं, त्यांच्या पाठीकडे बघत, कारण ते वळले नाहीत. पावती, वकील, नोटीस, चौथा परिच्छेद. पाइपाचं पाणी एकाच ट्रेवर पडत राहिलं, माती वाहून गेली.

“तुन्ही सही शे?” शेवटी त्यांनी विचारलं.

“शे, नाना.”

त्यांनी पाइप खाली टाकला आणि निघून गेले.

दोन दिवस त्या घरात तिच्याशी कुणी बोललं नाही. बोललं नाही म्हणजे अगदी शब्दशः. तिनं वाढलेलं ताट नाना तसंच सोडून उठायचे आणि सुंदरबाई दुसरं वाढून द्यायच्या. नर्सरीवरचा वना, वीस वर्षांचा जुना माणूस, तोही तिला बघून पलीकडच्या ओळीत जायचा. प्रेमराज आला, जेवला, झोपला. रूपालीनं बॅग रिकामी केली नाही. करावी की नाही तेच कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास फाटकाशी सायकल थांबली. रूपाली अंगणात गहू निवडत होती. नाना खाटेवर बसून पायाला तेल लावत होते.

“वहिनी, सही!” पोस्टमन हिलाल सवयीप्रमाणे तिच्याकडेच आला. दर आठवड्याला याच अंगणात, याच हातानं ती सही करायची. त्यानं पाकीट पुढे केलं. पाठवणार ॲडव्होकेट, जळगाव. नाव झुलाल नानांचं. हिलालनं पेन तिच्या हातात दिलं.

सही कुठं करायची ते माहीत असूनही जागा सापडेना.

“आन तो पेन इकडे,” नाना म्हणाले.

दोन दिवसांनी ऐकलेला त्यांचा पहिला शब्द. ती दचकली. नाना खाटेवरून उठले, तेलाचे हात धोतराला पुसले, आणि तिच्या हातातून पेन घेऊन कागदावर सही केली. अक्षरं मोठाली, पहिलीतल्या मुलासारखी. हिलाल गांगरून दोघांकडे बघत राहिला आणि मग सायकल घेऊन निघाला.

“फोड. वाच.”

“नाना, मी नंतर...”

“वाच. मोठ्ठं वाच. हिले बी आयकू दे.” सुंदरबाई दारात येऊन उभ्या होत्या. वना रोपांमधून डोकावत होता.

रूपालीनं वाचलं. पहिला परिच्छेद, दुसरा, तिसरा. चौथ्याशीही ती थांबली नाही. “...सामनेवाले यांच्या सांगण्यावरून माझ्या अशील सौ. रूपाली यांनी स्वतःच्या हाताने उरलेल्या रोपांचे सोळा ट्रे...”

“सोळा नही,” नाना म्हणाले.

तिनं वर पाहिलं.

“एकवीस. तू सयपाकले गई, तव्हय आखो पाच ट्रे सडेल निंघनात. टेम्पो उभा व्हता. पाच मीच भरात. तुले सांगं नही. सांगं असतं तर तू त्या देठनं पुन्हा इचारी लेती.” ते खाटेच्या काठावर टेकले. “देठ वेगळाच व्हता. माले दखाय नही का? तीस वरीस झायात रोपं लावाले. पन याहीना टेम्पो कमी भरीसन धाडाना, ते माले जमनं नही.”

रूपाली मनात हिशेब करत होती. एकवीस ट्रे, पन्नासप्रमाणे एक हजार पन्नास. दादाच्या चिंध्या एक हजार सेहेचाळीस.

“चार मरेल व्हतीन,” नाना म्हणाले, तिच्या मनातलं ऐकल्यासारखे. “एवढा लावनीमा चार तं मरतसंच.”

तिच्या हातातला कागद गव्हाच्या सुपात पडला आणि ती तिथंच, सुपाशेजारी, तोंडावर पदर घेऊन रडायला लागली. किती दिवसांचं होतं कोण जाणे. सुंदरबाई पायरी उतरून आल्या, तिच्याजवळ बसल्या, आणि त्यांनी सूप बाजूला सरकवलं.

नानांनी तिचं रडणं थांबेपर्यंत वाट पाहिली. मग म्हणाले, “वकीलबाईले सांग, आकडा चुकना शे. बठ्ठा एकवीस लिखा म्हना. पुढलं काय करानं ते मंग ठरावसूत.” आणि सुपातला कागद उचलून, “तुन्हा भाऊले फोन लाव. त्याले मी सांगस.”

रूपालीनं डोळे पुसले आणि फोन लावून तो नानांच्या हातात दिला. महिनाभर नानांनी त्या नंबरचा फोन उचलला नव्हता. पलीकडे योगराजनं पहिल्याच रिंगला उचलला.